ओळी तोडू की नको?

“ताई, मी तीन छोटे परिच्छेद एका दिवाळी अंकाकडे पाठवले होते. उत्तर आलं, कविता असेल तर ओळी पाडून पाठवा, ललित असेल तर हजार शब्दांपर्यंत वाढवा. मला दोन्ही करायचं नाही. मग मी लिहिलंय ते आहे तरी काय? गद्यकविता म्हणतात ती हीच का? आणि ती मुक्तछंदापेक्षा वेगळी कशी?”

नागपूरजवळच्या वाडीला राहणाऱ्या, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका मुलाचा हा प्रश्न. सोबत त्यानं त्यातला एक परिच्छेदही पाठवला. त्याला विचारून तो इथे देते, कारण त्याच्याशिवाय माझं उत्तर हवेत राहील.

“उन्हाळ्याच्या त्या रम्य संध्याकाळी बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. पाण्याची धार जणू चांदीची साखळी वाटत होती. वाळ्याचा मंद सुगंध दरवळत होता. माझ्या मनात आठवणींचे मोहोळ उठत होते. बाबा आता नाहीत पण कूलर मात्र अजूनही सुरू आहे. जीवनाचंही असंच असतं ना!”

तर बाबू, उत्तर आधीच देऊन टाकते. तुला जे लिहायचं आहे त्याला नाव आहे, गद्यकविता. पण तू पाठवलंस ते अजून तिथवर पोचलेलं नाही, आणि ओळी तोडल्या नाहीत म्हणून पोचलं नाही असं मुळीच नाही. संपादकांनी इलाज चुकीचा सांगितला. दुखणं मात्र त्यांना बरोबर जाणवलं होतं.

त्यांच्यावर फार रागावू नकोस. मी स्वतः तीसेक वर्षं एका दैनिकाच्या रविवार पुरवणीची पानं लावली. कविता आली की तिची चौकट ठरलेली, बाजूला रेखाचित्र. लेख आला की कॉलम मोजायचे. आणि परिच्छेदाएवढी कविता आली की हात तिथेच थांबायचा, हिला चौकट द्यायची की कॉलम? बरेचदा ती पुढच्या रविवारवर जायची, आणि पुढचा रविवार कधी येतो ते तुला ठाऊकच आहे. माझ्या स्वतःच्या एका परिच्छेदाचं काय झालं ते ऐक. ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उतरवलेला मजकूर, कापून पानावर चिकटवायचे दिवस होते. एका अंकाकडे मी बारा वाक्यांचा मजकूर पाठवला, वर लाल शाईनं लिहून, ‘ओळी तोडू नयेत’. तिथल्या ऑपरेटरनं तो अरुंद कॉलमात बसवला, डावी बाजू सरळ ठेवली आणि उजवी मोकळी सोडली. वर ‘कविता’ असं छापलं. माझा परिच्छेद तिसेक ओळींची कविता होऊन बाहेर पडला. त्यात एका ओळीत ‘आणि’ हा एकच शब्द होता, कारण पुढचा शब्द ‘महानगरपालिकेच्या’ असल्यामुळे तो त्या ओळीत मावला नव्हता. पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं. त्यांना ती एकट्या ‘आणि’ची ओळ फार मार्मिक वाटली होती. मी आभाराचं पत्र लिहिलं. दुसरं काय करणार होते?

त्या पत्रानं मला शिकवलं ते असं, की ओळ दिसली की माणूस कवितेच्या तयारीनं वाचायला बसतो, मग ती ओळ कवीनं तोडलेली असो की कॉलमच्या रुंदीनं. आता तुझाच मजकूर तोडून बघू.

उन्हाळ्याच्या त्या रम्य संध्याकाळी
बाबा
कूलरमध्ये पाणी भरत होते
पाण्याची धार
जणू चांदीची साखळी

दिसायला झाली कविता. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास अंगठेही मिळतील. ‘बाबा’ हा शब्द एकटा पडला की वाचणारा थबकतो, त्याला वाटतं इथे काहीतरी दडलंय. पण ते थबकणं ओळीनं उसनं दिलेलं आहे. ओळ काढून घे, बाबा पुन्हा सपाट. गद्यकविता करणारा माणूस नेमकं हे उसनं नाकारतो. थांबायचं कुठे, वळायचं कुठे, कुठे वाचणाऱ्याच्या पायाखालची फरशी हलवायची, हे सगळं तो वाक्याकडून करून घेतो. तिची व्याख्या विचारशील तर माझ्याकडे एवढीच आहे. बाकी ‘गद्याचं शरीर आणि कवितेचा आत्मा’ वगैरे जे लिहितात, त्यावरून अजून कोणाला एक वाक्यही लिहिता आलेलं मी पाहिलं नाही.

मुक्तछंदाशी तिची गल्लत निदान आपल्या गावात तरी होऊ नये. मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे यांनी. मूर्तिजापूरचे, पण आयुष्य नागपूरशी बांधलेलं. त्यांची ‘भग्नमूर्ती’ मोठ्यानं वाचून बघ. गणमात्रा नाहीत, यमकाची सक्ती नाही, पण लय पक्की आहे आणि श्वास कुठे घ्यायचा ते ओळ सांगते. मुक्तछंदानं छंद सोडला, ओळ सोडली नाही. पुढे दलित कवितेनं, आपल्याकडे वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांनी, त्याच ओळीला बोलण्याचा, सवाल करण्याचा जोर दिला. तिथेही ओळ काढून घेतलीस तर दम निघून जाईल. एक गंमत जाता जाता सांगते. ज्या अनिलांनी मराठी कविता मोकळी केली त्यांनीच पुढे दहा ओळींचा पक्का बांधा घडवला, ‘दशपदी’. साहित्य अकादमीचा १९७७ चा पुरस्कार त्या दशपदीच्या संग्रहालाच मिळाला. मोकळ्या मैदानात फार वेळ हिंडलं की माणसाला भिंत हवीशी वाटते, असा मी त्याचा अर्थ लावते. गद्यकवितेची भिंत म्हणजे परिच्छेद.

आता थोडा इतिहास, कारण तू ‘हा प्रकार आपल्याकडे चालतो का’ असंही खाली लिहिलं होतंस.

फ्रान्समध्ये अलोइसियुस बेर्त्रां नावाचा एक कवी होता. १८४१ मध्ये गेला. त्याचं ‘गास्पार द ला न्वी’ हे परिच्छेदांतल्या कवितांचं पुस्तक १८४२ मध्ये आलं, त्याला काही ते बघायला मिळालं नाही. ते पुस्तक पुन्हा पुन्हा चाळताना बोदलेअर या पुढच्या पिढीतल्या फ्रेंच कवीला वाटलं, या माणसानं जुन्या काळाची चित्रं ज्या तऱ्हेनं काढली त्या तऱ्हेनं आजचं शहर लिहिता येईल. वृत्त नाही, यमक नाही, तरी संगीत असलेलं गद्य. हे त्यानं आर्सेन हूसे नावाच्या संपादकाला लिहिलेल्या अर्पणपत्रिकेतच सांगून टाकलं आहे. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा हूसे वर्तमानपत्राचा साहित्य संपादक होता. १८६२ मध्ये ‘ला प्रेस’ या दैनिकात त्यानं यातले २० तुकडे छापले. बातम्यांच्या खाली, कॉलमात! आमच्यासारख्याच कुणीतरी तिथे ‘ही चौकट की कॉलम’ म्हणून डोकं खाजवलं असणार. पुढे एकूण ५० तुकड्यांचं पुस्तक १८६९ मध्ये आलं, तोवर बोदलेअरला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यानं काही विषय दोनदा लिहिले, एकदा पद्यात आणि एकदा गद्यात. ‘प्रवासाचं आमंत्रण’ हा त्यातला एक. पद्यात कालवे आहेत, झोपलेली गलबतं आहेत, वर्षानुवर्षांनी गुळगुळीत झालेलं लाकूडसामान आहे. गद्यात हे सगळं आहेच, वर स्वयंपाकही आला, आणि तो चांगला तुपातेलाचा, तोंडाला पाणी सुटेल असा. मी शिबिरात शिकवते तेव्हा या एका फरकावर अर्धा तास घालवते. पद्याच्या उंबऱ्यावर जे ताटकळत उभं होतं ते गद्याच्या मागच्या दारानं आत आलं. तुझ्या परिच्छेदात मागचं दार बंदच आहे. कूलर एवढी एकच वस्तू आत आली, तीही चांदीची साखळी गळ्यात घालून.

बंगालीत रवींद्रनाथांची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘गीतांजली’चं इंग्रजी त्यांनी गद्यात केलं, १९१२ मध्ये ते छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. मग त्यांच्या मनात आलं, इंग्रजी गद्याला कवितेचा रस झेपतो तर बंगाली गद्याला का झेपू नये? त्यातून १९२२ मध्ये ‘लिपिका’ आली, परिच्छेदांत छापलेली. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, ‘पुनश्च’ या संग्रहात त्यांनी गद्याच्या ओळी पाडल्या, आणि प्रस्तावनेत लिहिलं की ‘लिपिका’ छापताना ओळी पाडल्या नव्हत्या त्याचं कारण बहुधा भित्रेपणा. केवढा मोठा माणूस, पण इथे मी त्यांच्याशी भांडते. मला ‘लिपिका’च धाडसी वाटते. ओळी पाडल्यावर सगळ्यांना कळतं की ही कविता आहे. न पाडता कळवायचं, हे अवघड काम त्यांच्या हातून होऊन गेलं होतं आणि त्यांनी त्यालाच भीती म्हटलं.

आपल्याकडे तर संस्कृतापासून गद्याला काव्यच मानलं आहे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ गद्य आहे, आणि आपण तिच्या नावानं एक अख्खा साहित्यप्रकार ओळखतो. आठव्या शतकातल्या वामन या काव्यशास्त्रकारानं गद्याचे तीन प्रकार केले. वृत्तगंधी म्हणजे ज्याला पद्याचा वास येतो ते. चूर्ण म्हणजे मोठे समास टाळून सुट्या, ललित शब्दांचं. उत्कलिकाप्राय म्हणजे त्याच्या उलट, लांबलचक समासांच्या लाटांचं. बाराशे वर्षं झाली, पण माझ्याकडे येणाऱ्या शंभर परिच्छेदांतले ऐंशी आजही वृत्तगंधीच असतात. ‘रम्य संध्याकाळ’, ‘मंद सुगंध’, ‘आठवणींचे मोहोळ’ हे सगळं पद्याचा उतरलेला वास आहे बाबू, कपाटात ठेवलेल्या जुन्या लुगड्यासारखा. मराठीत ‘गद्यकाव्य’ हा शब्दच मुळी या वासामुळे बदनाम झाला. कुणाचं गद्य ‘अगदी गद्यकाव्य आहे हो’ असं म्हटलं की समजावं, त्यात चंद्र आहे आणि उसासा आहे. म्हणून मी गद्यकविता हा शब्द वापरते आणि शिष्य लोकांना चूर्णाकडे ढकलते.

चूर्ण बघायचं तर फार लांब जाऊ नकोस. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ती काही गद्यकविता नव्हे, चक्रधरस्वामींच्या आठवणी आहेत, भक्तांनी सांगितलेल्या. पण त्यातल्या काही लीळा जेमतेम चार-सहा वाक्यांच्या आहेत. कोण आलं, कुठे बसलं, काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, संपलं. विशेषण शोधून सापडत नाही. भाव कुणी कुणाला समजावून सांगत नाही. आणि तरी लीळा संपल्यावर पान उलटायला हात लवकर जात नाही.

नागपूरकर मुलगा आहेस, म्हणजे तू ग्रेस वाचले असणार. सगळेच वाचतात, मग दोन वर्षं सगळे तसंच लिहितात, आणि त्यांच्या लिहिण्यात सीताबर्डीच्या भर बाजारात एकदम चर्चची घंटा वाजायला लागते. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, या माणसाला महाराष्ट्र कवी म्हणून ओळखतो, पण २०११ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखांच्या पुस्तकाला. त्या लेखांना गद्यकविता म्हणावं का? माझं मत, नाही. ते कवीचं गद्य आहे, उत्कलिकेच्या जातीचं, एक लाट दुसरीला उठवते आणि पानं उलटत जातात. गद्यकविता एका नजरेत सगळी दिसायला हवी, तिचा शेवट पानावर आधीच दिसत असतो आणि तरी तिथे पोचेपर्यंत कळता कामा नये. ग्रेस वाच, भरपूर वाच, पण लिहायला बसायच्या दिवशी वाचू नकोस.

आता मुख्य गोष्ट. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, पानं लावता लावता कळलं.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. तुझ्या वाक्यांची शेपटं बघ. भरत होते. वाटत होती. दरवळत होता. उठत होते. चार वाक्यं आणि चारही एकाच आवाजानं खाली बसतात. हा पंचनाम्याचा ताल आहे. वृत्तात लिहिणाऱ्याला क्रियापद उचलून मधे टाकता येतं, मुक्तछंदवाल्याला ओळ तोडून त्याचा आवाज दाबता येतो. तुला यातलं काहीच करता येत नाही. मराठीत गद्यकविता लिहिणाऱ्याचं निम्मं काम म्हणजे या शेपटांचा बंदोबस्त.

नवशिका पहिली युक्ती करतो ती क्रियापदं उडवण्याची. ‘संध्याकाळ. बाबा. पाण्याची धार. वाळ्याचा वास.’ एकदा केलं तर ठीक, सारखं केलं की किराणा सामानाची यादी होते. दुसरी युक्ती क्रियापद पुढे ओढण्याची, ‘भरत होते बाबा पाणी’, ती भावगीताच्या गावाला जाते. माझा अनुभव असा की जास्त उपयोगी पडतात ती आपली साधी, रोजची रूपं. ‘पडली की’, ‘भरून झाल्यावर’, ‘ओतता ओतता’ अशी साखळी लावून एक वाक्य लांब जाऊ द्यायचं आणि त्याच्या मागे तीन शब्दांचं एक वाक्य आपटायचं. ‘भरत होते’च्या जागी ‘भरायचे’ म्हटलं की एका संध्याकाळच्या सगळ्या संध्याकाळी होतात. ‘भरत’ एवढंच म्हटलं की त्या संध्याकाळी अजून लांब जातात, आजीच्या सांगण्यासारख्या.

आणि आपल्याकडे, नागपुरी बोलीत, एक जादा रूप आहे. ‘पाणी गळतंय.’ ‘पाणी गळत आहे.’ ‘पाणी गळून राहिलं.’ तिन्ही पुन्हा म्हणून बघ. पहिल्यात कुणीतरी आत्ता बघितलं. दुसऱ्यात नगरपालिकेला अर्ज लिहिला. तिसऱ्यात पाणी केव्हापासून गळतंय, सगळ्यांना दिसतंय, आणि उठून नळ बंद करायला कुणी जात नाही. ‘राहणं’ त्या क्रियापदातच बसलेलं आहे. लहानपणी माझ्या निबंधात ‘आई स्वयंपाक करून राहिली’ या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारली होती, दोनदा. तेव्हापासून लिहिताना मी ते रूप टाळत आले, बोलताना मात्र दिवसभर वापरत आले. पन्नाशीनंतर ते कवितेत परत आणलं. पुण्याचे मित्र त्याला ‘बोलीचा रंग’ म्हणतात. रंग कसला, काळ आहे तो, व्याकरणातला काळ.

तुझ्याशी फोनवर बोलले तेव्हा मी चार प्रश्न विचारले होते, आठवतं? पाणी कशानं भरायचे. आवाज कसा यायचा. घरात तेव्हा दुसरं कोण काय करत होतं. आणि आता कोण भरतं. तू भराभर सांगत गेलास, लोखंडी टाकी, बादली, आईचं आतून विचारणं, यंदा घेतलेला पाइप. यातलं एक अक्षरही तुझ्या परिच्छेदात नाही. जे तू सांगितलंस त्यावरून मी हे केलं.

“कूलर

पहिली बादली टाकीच्या पत्र्यावर पडायची तेव्हा सगळ्या घराला कळायचं. दुसरीचा आवाज कमी. तिसरी म्हणजे पाण्यावर पाणी. पाचवीनंतर बाबा काय करून राहिले ते फक्त त्यांच्या दमावरून कळे, आणि आई आतून विचारायची, झालं का जी. मग ते ताटीवर एक तांब्या ओतत, उगाच, वाळ्याचा वास सुटावा म्हणून, आणि मोटर लावत. यंदा पाइप घेतला. पाइप तळाशी सोडला की आवाज होत नाही. टाकी भरली हे पाणी पायाला लागल्यावर कळतं.”

चांगली झाली असं म्हणत नाही, काम दिसावं म्हणून दाखवते. ‘बाबा आता नाहीत’ हे वाक्य काढलं, कारण ‘यंदा पाइप घेतला’ यात ते आलं. ‘कूलर’ हा शब्द मजकुरातून काढून शीर्षकात ठेवला, कारण गद्यकवितेत शीर्षकाला फुकट बसू द्यायचं नसतं. जे सांगून टाकायचं ते त्यानं सांगावं म्हणजे आतल्या वाक्यांना मोकळं राहता येतं. क्रियापदांत ‘कळणं’ तेवढं तीनदा येऊ दिलं, कळायचं, कळे, कळतं. पद्यात यमक जे करतं ते काम इथे एका क्रियापदाचे तीन काळ करतात. ‘उगाच’ हा शब्द ठेवावा की नाही यावर मी बराच वेळ घालवला. वासासाठी ओततात म्हटल्यावर उगाच कसं? पण बाप माणसं प्रेमाची कामं उगाच केल्यासारखीच करतात, म्हणून ठेवला. ‘ताटी’ म्हटल्यावर मराठी कानाला मुक्ताबाईनं ज्या ताटीबाहेर उभं राहून भावाला हाक मारली ती ताटी ऐकू येईल. आली तर येऊ दे, मी मुद्दाम बोलावलेली नाही, नागपुरात कूलरच्या त्या चौकटीला ताटीच म्हणतात.

आणि ‘जीवनाचंही असंच असतं ना!’ हे तू लिहिलंस ते वाक्य. ते संपादकांना आवडलं असतं, खरं सांगते. माझ्या पुरवणीत तर त्याला मी चौकटीत ठळक अक्षरांत टाकलं असतं, कारण पान भरायचं असायचं. पण ते वाक्य म्हणजे वाचणारा दारातून बाहेर पडत असताना त्याचा हात धरून ‘समजलं ना?’ विचारणं आहे.

हा वरचा परिच्छेद तुझा नाही, माझा झाला. तुझ्या बाबांनी बादली कोणत्या हातात धरली, मोटर लावताना चप्पल घातली की नाही (कूलरचा करंट या गावात प्रत्येक घरानं खाल्लेला आहे), हे तुलाच माहीत. तुझा तू लिही.

वस्तू कशी धरायची याचा धडा हवा असेल तर फ्रेंच कवी फ्रांसिस पाँजकडे जा. १९४२ मध्ये त्याचं वस्तूंवरच्या गद्यकवितांचं पुस्तक आलं, त्यात एक संत्र्यावर आहे. नागपूरच्या माणसानं ती न वाचता मरू नये. तो म्हणतो, पिळून झाल्यावर स्पंज आणि संत्रं दोघांनाही पुन्हा आपल्या आकाराला यायचं असतं. स्पंजला ते दर वेळी जमतं. संत्र्याला कधीच नाही, कारण त्याच्या पेशी फुटलेल्या असतात. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये पिळून काढणं आणि व्यक्त करणं याला एकच शब्द आहे, त्यामुळे तो फळाबद्दल बोलता बोलता लिहिणाऱ्याबद्दल बोलून जातो आणि तसं म्हणत मात्र नाही. मग तो रसाकडे, सालीकडे आणि शेवटी बीकडे जातो. दर वर्षी आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरायला लागली की मी शिबिरातल्या मुलांना संत्र्यावर परिच्छेद लिहायला लावते. निम्मी मुलं सूर्य लिहितात, उरलेली आईचं प्रेम. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं की आपलं संत्रं सालीला सैल धरून असतं, नखानं सुटतं, आणि माल्टा सुरीशिवाय उघडत नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात ती आपल्या दोन मावश्यांवर गेली. मी वही बंद करून तिला चहा पाजला.

किती लांब असावी? नियम नाही. माझ्या अनुभवात दीडशे शब्दांपलीकडे गोष्ट डोकं वर काढते, पात्रं बोलायला लागतात, ‘मग काय झालं’ सुरू होतं. ते झालं तर लघुकथा लिही, त्यात कमीपणा नाही. अमेरिकी कवी चार्ल्स सिमिकच्या ज्या गद्यकवितांच्या पुस्तकाला १९९० चं पुलित्झर मिळालं, त्यातले बरेचसे तुकडे एका परिच्छेदात आटोपतात.

कवीसंमेलनात मात्र ती नेऊ नकोस, निदान पहिल्या वर्षी. हे सुरेश भटांचं गाव आहे, रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह उभं आहे. इथल्या श्रोत्याच्या अंगात शेर मुरलेला आहे. दोन ओळी झाल्या की त्याला ‘वाह’ म्हणायला जागा लागते. गद्यकवितेत ती जागाच नसते. मी एकदा वाचली, सभागृह अदबीनं गप्प बसलं, संपल्यावरही गप्पच होतं, आणि सूत्रसंचालकानं विचारलं, “ताई, कविता सुरू करता ना?” चार माणसांत वाच, गच्चीवर, चहा घेत.

आणि त्या अंकाला पुन्हा पाठव. तिन्ही नकोत, एकच. शीर्षकाखाली स्पष्ट ‘गद्यकविता’ असं लिही, म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही. दोन्ही बाजू सरळ लावून पीडीएफ जोड आणि पत्रात एक ओळ टाक की कॉलम बदलला तरी चालेल, फक्त दोन्ही कडा सरळ ठेवा. एवढं करूनही ऑपरेटरचा भरवसा नाही, म्हणून ‘आणि’च्या पुढे लांब शब्द येऊ देऊ नकोस.